सुईण, परिचारिका आणि नोंदवही

श्रीशिवछत्रपतींचा जन्म शिवनेरीवर झाला ही गोष्ट महाराष्ट्रांतील लहान मूलही जाणतें. परंतु तो केव्हां झाला याविषयीं आमच्या इतिहासपंडितांनीं जो वाद केला, त्याचे कागद एकत्र केले तर एक मोठें कपाट भरेल. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ खरी, कीं फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ खरी, याचा खल अनेक वर्षें चालला. जेधे शकावली उजेडांत आल्यावर दुसऱ्या मिती‌चें पारडें जड झालें, आणि पुढें महाराष्ट्र शासनानेंही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख स्वीकारली. या साऱ्या खलांत एक प्रश्न कोणी विचारल्याचें मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या प्रसूतीच्या वेळीं जिजाबाईंच्या उशाशीं कोणती सुईण बसली होती? संभाजीराजांस दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचें नांव इतिहासानें जपलें, तें अपवाद म्हणून. एरव्हीं जन्माची घटका नोंदली जाते, ग्रहांचीं स्थानें नोंदलीं जातात, बारशाला वांटलेली साखरही हिशेबाच्या वहींत चढते. परंतु ज्या हातांनीं तें मूल जगांत आणिलें, त्या हातांचें नांव कोणत्याही वहींत चढत नाहीं.

आज आम्ही याच शिवनेरीच्या परिसराविषयीं, म्हणजे पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांविषयीं, कांहीं लिहिणार आहों. आणि आमचा विषय आहे परिचारिका, त्यांतही जिचें नांव सरकारमान्य नोंदवहींत आहे अशी परिचारिका. विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि नोंदवहींत नांव चढणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हें थोडें मागें जाऊन पाहिल्यास वाचकांच्या सहज ध्यानांत येईल.

जुन्नर हें नांवें कोरून ठेवणारें गांव आहे. त्याच्या भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत आणि त्यांतील शिलालेखांत देणगीदारांचीं नांवें दोन हजार वर्षें टिकून राहिलीं आहेत. इरिल नांवाच्या एका यवनानें पाण्याचीं दोन टांकीं खोदविलीं, ही गोष्ट शिवनेरीचा कातळ अजून सांगतो. ज्यानें टांकें खोदविलें त्याचें नांव राहिलें. ज्यांनीं त्यांतलें पाणी काढून तापानें फणफणलेल्या भिक्षूच्या ओठांस लाविलें, त्यांचें राहिलें नाहीं. पुढें इंग्रजी अंमलांत, गेल्याच्या गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत, जुन्नरजवळच्या हिवरें येथें सरकारनें एक वनस्पतिबाग चालविली. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखालीं तेथें पिकलेली सोनामुखी व इतर औषधी द्रव्यें सरकारी औषधभांडारांत जात असत. पुणें जिल्ह्याचें गॅझेटिअर १८८५ सालीं छापलें गेलें, त्यांत जुन्नरच्या दवाखान्याचाही उल्लेख आहे. म्हणजे औषधाचा इतिहास लिहिला गेला, वैद्याचा लिहिला गेला, इमारतीचाही लिहिला गेला. शुश्रूषेचा मात्र लिहिला गेला नाहीं.

असें कां व्हावें? आमच्या प्राचीनांना शुश्रूषेचें महत्त्व ठाऊक नव्हतें असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं चार गुण असावे असेंही त्यानें सांगितलें आहे. उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं आपुलकी आणि शुचिता हे ते गुण. वाचकांनीं हे चार गुण लक्षांत ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यांच्याभोंवतींच फिरणार आहे. चार पादांपैकीं एक पाद म्हणून ज्याचा एवढा मान केला, तें काम प्रत्यक्षांत घरच्या स्त्रियांच्या अंगावर पडलें. आणि जें काम आई, बहीण किंवा विधवा चुलती रात्र रात्र जागून बिनमोल करते, त्याला विद्या म्हणावें हें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. तो स्त्रीचा स्वभाव मानला गेला. स्वभावाची नोंद कोण ठेवणार, आणि त्याचें वेतन तरी कोण देणार?

घराबाहेरची एकच स्त्री या कामासाठीं बोलाविली जाई, ती सुईण. जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांतील महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्यावस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या बाळंतपणें तिनेंच केलीं. तिच्याविषयीं शहरी लोकांनीं तुच्छतेनें बोलावें हें आम्हांस मान्य नाहीं. पावसाळ्यांत ओढे भरून वाहत असतां कंदील घेऊन धांवत येणारी, बाळंतिणीची कंबर चोळणारी आणि मोबदला म्हणून पायलीभर धान्य व लुगड्याचोळीवर समाधान मानणारी ही बाई गांवाचा आधार होती. चरकाचे दक्षता व आपुलकी हे दोन गुण तिच्याकडे भरपूर होते. परंतु शुचिता म्हणजे केवळ हात धुतलेले दिसणें नव्हे, हें तिला कोणी शिकविलें नव्हतें. विळ्यानें वा दगडानें नाळ कापावी आणि तिला राख लावावी, मग आठव्या-दहाव्या दिवशीं मूल आंखडून, दांतखिळी बसून दगावावें आणि गांवानें सटवीला दोष द्यावा, असें किती घरांत झालें असेल याची गणती नाहीं. तो धनुर्वात होता. लेडी कर्झन यांच्या पुढाकारानें १९०३ सालीं सुईणींना शिक्षण देण्यासाठीं एक निधि उभारण्यांत आला. परंतु सह्याद्रीच्या कपारींतील वाडीपर्यंत असल्या योजनांचा हात सहसा पोंचत नसे.

इकडे शहरांत निराळाच इतिहास घडत होता. क्रायमियाच्या युद्धांत कीर्ति मिळविलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानांत कधींही आल्या नाहींत. परंतु येथील लष्कराच्या आरोग्याविषयीं १८६३ सालीं जो शाही चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्यामागें त्यांचे अपार श्रम होते. पुढें खेड्यांतील स्वच्छतेच्या प्रश्नाकडे त्यांचें लक्ष वळलें आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा त्याविषयीं पत्रव्यवहार झाला. मुंबईस १८८६ सालीं केवळ स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत या परिचर्येचें शिक्षण घेण्यास पुढें आल्या. एतद्देशीय परिचारिकांत त्यांचें नांव पहिलें म्हणून सांगितलें जातें. आमच्या इतिहासांत परिचारिकेचें नांव लिहिलें जाण्यास येथून आरंभ झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर उसळला. त्या दिवसांत पोटचें माणूसही आजाऱ्याजवळ जाण्यास कचरत असतां, सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉक्टर यशवंतराव यांच्या शहराबाहेरील दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांनीं कोणतीही परीक्षा दिली नव्हती. परंतु रोग्याजवळ जाणें ही कसली कसोटी असते, हें त्या मरणानें महाराष्ट्राला दाखविलें. त्यानंतर बारा वर्षांनीं, १९०९ सालीं, रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास सेवासदनाचें काम सुरू केलें, आणि ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यासाठीं तेथील स्त्रिया जाऊं लागल्या. त्यांत पांढरपेशा घरांतील विधवाही होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणें, कोणत्याही जातीच्या रोग्याचें मलमूत्र काढणें, रात्रीं घराबाहेर राहणें, या तीन गोष्टींपैकीं एकही त्या काळच्या समाजाला सहन होण्यासारखी नव्हती. तिन्ही एकत्र करून दाखविणाऱ्या त्या स्त्रियांचें धैर्य रणांगणावरील धैर्याहून कमी होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु धैर्य निराळें आणि दर्जा निराळा. शिकलेली परिचारिका कोणती व पांढरी टोपी घालून उभी राहिलेली कोणती, हें आजाऱ्याच्या नातलगानें कसें ओळखावें? याच प्रश्नांतून नोंदणीची कल्पना निघाली. न्यूझीलंडनें १९०१ सालीं प्रथम असा कायदा केला. इंग्लंडांत तो १९१९ सालापर्यंत अडला, आणि गंमत अशी कीं अडविणाऱ्यांत स्वतः नाइटिंगेलबाई प्रमुख होत्या! परिचारिकेचें मर्म तिच्या शीलांत आहे आणि शील कांहीं परीक्षेनें मोजतां येत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. बेडफर्ड फेनविक या विदुषी त्यांच्या विरुद्ध पक्षांत होत्या. नोंदणीवांचून रोगी अज्ञानाच्या हातीं सांपडतो आणि शिकलेल्या परिचारिकेला तिच्या विद्येचा मान मिळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

चरकाचे चार गुण येथें आठवावे. ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांची परीक्षा घेतां येते. आपुलकीची घेतां येत नाहीं. म्हणजे नाइटिंगेल यांचा आक्षेप चौथ्या गुणापुरता खरा आहे. परंतु ज्या देशांत आपुलकीची वाण कधींच नव्हती आणि मुलें मात्र धनुर्वातानें मरत होतीं, त्या देशाला उरलेल्या तीन गुणांच्या नोंदीचीच निकड होती. मद्रास इलाख्यानें १९२६ सालीं हें ओळखलें. मुंबई इलाख्यानें १९३५ सालीं परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा केला. त्याची जागा १९५४ च्या कायद्यानें आणि पुढें १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानें घेतली. सर्व देशासाठीं १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि त्याच्या जागीं २०२३ सालीं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला.

१९३५ च्या त्या कायद्यानें काय साधलें? एक तर कोणत्याही स्त्रीनें आपण परिचारिका आहों असें म्हणणें आणि ती परिचारिका असणें यांत सरकारनें रेघ ओढली. दुसरें असें कीं, जिच्यावर विश्वास ठेवावयाचा तिला जाब विचारण्याची सोय झाली. कारण जें नांव चढवितां येतें तें काढूनही टाकतां येतें. तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभाव नसून ती विद्या आहे, तिला अभ्यासक्रम आहे, तींत नापास होतां येतें, आणि म्हणून तिला वेतन मागतां येतें, हें कायद्याच्या भाषेंत प्रथमच मान्य झालें. वैद्याच्या नांवापुढें पदवी असते, तसा परिचारिकेच्या नांवापुढें क्रमांक आला.

परंतु नोंदवही मुंबईंत असते आणि रोगी डोंगरांत. भोर समितीनें १९४६ सालीं जो अहवाल दिला, त्यांतील आंकडे वाचून आजही मन विषण्ण होतें. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सुमारें ४३,००० माणसांमागें एक! त्याच वेळीं डॉक्टरांची संख्या ४७,५०० च्या आसपास होती. जेथें एका डॉक्टरामागें अनेक परिचारिका हव्यात, तेथें एका परिचारिकेमागें सहा-सात डॉक्टर होते. त्या ७,००० मधूनही बहुतेक मोठ्या शहरांतील रुग्णालयांत. आहुपें किंवा घाटघर येथील बाळंतिणीच्या वांट्याला त्यांतून काय येणार?

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला जें उत्तर शोधलें गेलें, तें म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालील उपकेंद्र. सपाटीच्या प्रदेशांत ५,००० लोकवस्तीस व डोंगराळ, आदिवासी भागांत ३,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र असावें आणि त्यावर सहायक परिचारिका-प्रसाविका असावी, असें मान ठरलें. हीच ती बाई जिला आमच्या खेड्यांत नर्सबाई म्हणतात. आंबेगांवांत अडिवरें, तळेघर, डिंभें आणि जुन्नरांत आपटाळें, ओतूर, बेल्हें येथें प्राथमिक केंद्रें आहेत. त्यांच्यावर घोडेगांव, मंचर, जुन्नर व नारायणगांव येथील मोठीं सरकारी रुग्णालयें. परंतु या साऱ्या इमल्याचा पाया म्हणजे उपकेंद्रावरची ती एकटी स्त्री.

तिचें काम काय तें शहरांतील वाचकांस क्वचितच ठाऊक असतें. लस ही दोन ते आठ अंश उष्णमानांत ठेवावी लागते. तिला उष्णता लागली तर ती पाणी होते, आणि कांहीं लसी गोठल्या तरी निकामी होतात. बर्फाच्या पेटींत ती घेऊन नर्सबाईनें भातखाचरांच्या बांधावरून वाडी गांठावयाची, ठरल्या दिवशीं मुलें जमवावयाचीं, हिरडा गोळा करण्यास रानांत गेलेल्या आयांची वाट पाहावयाची, आणि प्रत्येक मुलाचें नांव, आईचें नांव, तारीख व मात्रा वहींत लिहावयाची. गर्भवतीच्या रक्तांतील लोह पाहणें, रक्तदाब मोजणें, पायांवर सूज दिसतांच तिला मंचरला धाडण्याविषयीं सासूची समजूत घालणें हेंही तिचेंच काम. यांतील शेवटचें काम सर्वांत कठीण आणि तें कोणत्याही अभ्यासक्रमांत पुरतें शिकवितां येत नाहीं. २०१५ सालीं भारतांतून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. शतकानुशतकें सटवीच्या नांवावर खपलेला तो मृत्यु मुख्यतः अशाच पायपिटीनें, लसीनें आणि स्वच्छ पात्यानें हटला. या विजयाचा पुतळा कोठेंही नाहीं.

पूर्वेकडील सुखवस्तु भागांत तिचें काम निराळें. कुकडी व घोड यांच्या पाण्यावर ऊंस वाढला आणि उसांत बिबट्या घर करून राहिला. त्यानें ओरबाडलेला मनुष्य आला म्हणजे जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुणें आणि अलर्काची लस वेळेवर टोंचणें यावर त्याचा जीव अवलंबून असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषावर एकच प्रतिविष दिलें जातें. परंतु तें शिरेंत चढत असतां रोग्याला अंगावर गांधी उठतात कीं काय, श्वास कोंडतो कीं काय, हें पाहत उशाशीं कोणीतरी बसावें लागतें. डॉक्टर प्रतिविष सांगतो; तें सोसतें कीं नाहीं हें प्रथम परिचारिकेला दिसतें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांवांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसें गाडलीं गेलीं. भर पावसांत, चिखलांतून मदत पोंचण्यास किती कष्ट पडतात हें त्या दिवशीं साऱ्या देशानें पाहिलें. डोंगरांतील माणसाला पहिली मदत शहरांतून येऊं शकत नाहीं. ती जवळच्या केंद्रांत असली तरच असते.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊं. नोंदणीचा कायदा होऊन नव्वद वर्षें लोटलीं. तरीही लहान शहरांतील कित्येक खाजगी रुग्णालयांत चार-सहा महिने काम पाहून तयार झालेल्या, नोंदणी नसलेल्या मुली परिचारिका म्हणून उभ्या असतात. त्या मुलींचा आम्ही दोष मानीत नाहीं. गरीब घरांतून येऊन थोड्या पगारांत त्या राबतात. दोष आहे तो स्वस्त हात शोधणाऱ्यांचा, आणि तितकाच आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचा. डॉक्टराच्या दारावरील पाटीवर कोणती पदवी आहे हें आम्ही तीनदां वाचतों. रात्रभर ज्या हातीं आपली आई सोंपवितों त्या हाताविषयीं एक शब्दही विचारीत नाहीं. दुसरीकडे ज्यांचीं नांवें नोंदवहींत आहेत त्यांतील अनेकींना सरकारी सेवेंतही वर्षानुवर्षें कंत्राटावर राहावें लागतें. करोनाच्या सांथींत टाळ्या वाजविणाऱ्या समाजानें त्यांच्या नेमणुकीचा प्रश्न मात्र टाळीइतक्या सहज सोडविला नाहीं. हें काम मुळीं सेवाच आहे, मग वेतनाचा विचार कशाला, ही जुनी समजूत अजून गेली नाहीं, याचेंच हें फळ होय.

कोणी म्हणेल, सुईण नोंदवहीबाहेर राहिली हा अन्याय नव्हे काय? काहीं अंशीं आहे. जिच्या हातांवर पिढ्या जन्मल्या तिला एके दिवशीं अडाणी ठरवून बाजूला सारण्यांत आलें; तिला शिकवून सोबत घेतलें असतें तर वाड्यांवरचा अविश्वास लवकर मोडला असता असें आमचें मत आहे. परंतु त्यावर उपाय नोंदवही मिटणें हा नव्हे, ती उघडणें हा आहे. कोळ्या-ठाकरांच्या वाड्यांतील मुलींना परिचर्येचें शिक्षण मिळावें, त्यांचीं नांवें वहींत चढावीं आणि त्यांची नेमणूक त्यांच्याच डोंगरांत व्हावी. सुईणीची आपुलकी आणि परिचारिकेची विद्या या दोन्ही गोष्टी एका स्त्रींत एकवटण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाहीं. अशी मुलगी सासूशीं तिच्या बोलींत बोलेल. आणि आजाऱ्याच्या मनांतला चरकाचा चौथा गुण तेथें आपोआप येईल.

आमच्या वाचकांपाशीं आमचें मागणें फार मोठें नाहीं. पुढच्या वेळीं रुग्णालयांत जाण्याचा प्रसंग आला तर शुश्रूषा करणाऱ्या बाईंना त्यांचें पूर्ण नांव विचारा. त्यांचें शिक्षण कोठें झालें, नोंदणी आहे कीं नाहीं, हेंही आदरानें विचारा. ज्यांची नोंदणी आहे त्यांना असा प्रश्न अपमानाचा वाटणार नाहीं. आपली विद्या कोणीतरी मोजली याचें समाधानच वाटेल. घरांतील एखादी हुशार मुलगी परिचारिका होईन म्हणाली, तर लग्नाच्या बाजारांतला भाव सांगून तिला गप्प करूं नका. आणि रुग्णालयांतून घरीं परततांना डॉक्टरांचे आभार मानाल, तेव्हां ज्यांनीं रात्रीं दर दोन तासांनीं उठून नाडी पाहिली त्यांचाही नामोल्लेख करा.